साबणाचा थेंब आणि चौकातला फ्लेक्स

वेन्नेला माझी धाकटी बहीण. सख्खी, एका आईची. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण आता आमच्या हैदराबादेतल्या रामंतापूरमध्ये जो तो ‘आमची वेन्नेला’ म्हणत फिरतो. तिला सायकल शिकवताना हे लोक कुठे होते ते मला माहीत आहे. ओट्यावर बसून हसत होते.

माझं नाव यादगिरी. चौकातलं फ्लेक्सचं दुकान माझं. आमच्याकडे फ्लेक्स लागल्याशिवाय कुठलीच गोष्ट घडली असं धरत नाहीत. लग्न झालं आणि फ्लेक्स नाही, तर लोक विचारतात, पळून जाऊन केलं काय. टकल्याला केस द्यावेत, रुसलेल्याला हसवावं, दोन भांडलेल्या भावांना एकाच फोटोत खांद्यावर हात टाकून उभं करावं, हे उप्पलपर्यंत माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. जमतं म्हणणारे आहेत. त्यांनी बनवलेले चेहरे बघा, एका बाजूने पाव फुगावा तसे असतात.

शाळा माझी सातवीपर्यंत. लोक म्हणतात, यादगिरीने शाळा सोडली. मी सोडली नाही, दिली. अम्मा आम्हा दोघांना घेऊन जनगामहून आली तेव्हा तिला एकाचंच शिक्षण झेपणार होतं. आणि डोकं कुणाला आहे हे मी तेव्हाच ओळखलं होतं. चार वर्षांची असेल ही. रानातून आलो की माझ्या शर्टाला आघाड्याची कुसळं चिकटलेली असायची. दुसरी पोरं ती काढून फेकतात. ही एकेक काढायची आणि परत लावायची. माझ्या सुती शर्टाला लावायची, मग अम्माच्या नायलॉनच्या साडीला लावायची. एक दिवस म्हणाली, “अन्ना, याला हात आहेत. सुताचा धागा त्याच्या हातात मावतो. साडीचा निसटतो.”

तेवढ्यावर मी अख्ख्या वस्तीला सांगितलं की ही शास्त्रज्ञ होणार. अम्मा म्हणाली, आधी नाक पुसायला शिकू दे.

झालीच शेवटी. तार्नाक्याच्या पुढे ती झाडांनी भरलेली मोठी संस्था आहे ना, तिथे ती संशोधन करते. दहावीला पहिली आली, मी फ्लेक्स लावला. कॉलेजात मेडल मिळालं, फ्लेक्स. संस्थेत लागली तेव्हा चौकाच्या चारही कोपऱ्यांना. तेव्हापासून ती बसस्टॉपला जायला मागची गल्ली धरते. नाल्यावरून, चिखलातून, पण चौकातून नाही.

“अन्ना,” म्हणते, “रोज सकाळी माझंच तोंड मला हात जोडतं. मला कामाला जायचं असतं, देवळात नाही.”

मी म्हटलं, “हात जोडलेले चांगले दिसतात. तुझे खरे हात छापले असते तर लोक घाबरले असते.”

कारण तिची बोटं कायम जांभळी. ते पुढे येईलच.

तर त्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्याकडे चिकनगुनिया आला. अख्खी गल्ली वाकून चालायला लागली. तरणे रिक्षावाले काठी मागायला लागले. माझी बायको स्वरूपा, ज्वारीची भाकरी थापायला बसली की शेजारणी आवाज ऐकायला यायच्या, तिच्या बोटांच्या पेरांना अशी सूज की पिठाला हात लावला की डोळ्यांत पाणी. मला स्वतःला झाला. पण मी फार वाकलो नाही. थोडासाच वाकलो.

आणि गंमत बघा, वेन्नेला याच विषाणूवर काम करत होती. तीन वर्षं करत होती. आम्ही कधी नीट विचारलंच नव्हतं. त्या रविवारी स्वरूपाच्या बोटांना तेल चोळता चोळता मी विचारलं, “तू नक्की करतेस काय तिथे? औषध बनवतेस?”

“नाही,” म्हणाली. “नवीन औषध बनवायचं तर माणूस म्हातारा होतो. मी दुकानातल्या जुन्याच गोळ्या बघते. दुसऱ्या कशासाठी तरी बनलेल्या. लोकांनी वर्षानुवर्षं खाल्ल्यात, त्यामुळे त्या माणसाला कितपत सोसतात ते आधीच माहीत असतं. त्यातली एखादी या विषाणूला अडवते का, ते बघायचं.”

“मारते का म्हण.”

“मारत नाही, अडवते. अन्ना, लग्नात जेवायच्या वेळी तुझ्या दोन्ही हातांत कुणी ताट-वाटी दिली, तर तू दाराची कडी काढशील?”

“कशाला काढू? जेवेन.”

“तू जेवशील. पण विषाणूच्या अंगावर जे हात असतात ना, त्याच हातांनी तो आपल्या पेशीची कडी काढतो आणि आत घुसतो. मी त्याच्या हातात गोळी देते. हात भरले की बसला दारात. आत जाता येत नाही, दाराबाहेरच संपतो.”

स्वरूपा म्हणाली, “म्हणजे गणपतीच्या वर्गणीवाल्यांना तुम्ही चहा देऊन ओट्यावर बसवता, तसं.”

“अगदी तसं, वदिना,” वेन्नेला म्हणाली. घरात तिला वहिनीचंच बोलणं पटतं. माझं पटलं तरी सांगत नाही.

मग तिने सांगितलं की कॉम्प्युटरवर त्या विषाणूच्या हाताचा नकाशा असतो, कुठे उंच, कुठे खोलगट, सगळा. त्या खोलगटात एकेक जुनी गोळी बसवून बघायची. बहुतेक हलतात. एक बसली होती. आणि कुठली, तर अंगावर पित्त उठून खाज सुटली की देतात ती, पिवळ्या पाकिटातली. मग खरोखरच्या ताटलीत बघितलं. खळगे असलेली ताटली असते, तळाला पेशींचा थर. त्यावर विषाणू टाकायचा, दोन दिवस थांबायचं आणि जांभळा रंग ओतायचा. पेशी जिथे जिवंत तिथे जांभळं, विषाणूने खाल्ल्या तिथे पांढरी भोकं. नुसता विषाणू टाकलेल्या खळग्याची चाळण. गोळी घातलेला खळगा जांभळा गच्च.

हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की मला आघाडा लावणारी पोर आठवली.

“अन्ना, हे कुणाला सांगायचं नाही हं,” ती म्हणाली. “अजून पुष्कळ तपासायचंय.”

“मी कशाला कुणाला सांगू?” म्हटलं.

आणि मी कुणालाच सांगितलं नाही. तोंडाने एक शब्द काढला नाही. फ्लेक्स लावला.

बारा बाय आठचा. मध्ये वेन्नेला, हात जोडलेली, बोटं मी गोरी करून घेतली होती. मागे विषाणू, त्याला मी मिशा दिल्या. एका बाजूला पिवळी गोळी, तिच्याभोवती देवाच्या डोक्यामागे असतं तसं तेजोवलय. वर मोठ्या अक्षरात: चिकनगुनियाचे हात बांधणारी रामंतापूरची वाघीण. खाली शुभेच्छुक, त्यात पहिला मी, मग गल्लीतले मान्यवर, आणि संस्थेच्या पानावरून उतरवून घेतलेला, ती ज्यांच्या हाताखाली काम करते त्या पद्मजा मॅडमचा फोटो. मॅडम गंभीर होत्या, मी त्यांना थोडं हसवलं.

आता हे लक्षात घ्या की दिवस बतुकम्माचे होते. आमच्या बायका नऊ दिवस फुलांची उतरंड रचतात, तिच्याभोवती टाळ्या वाजवत, वाकत, फेर धरतात. त्या वर्षी वाकायला कंबर नाही, टाळीला हात नाहीत. गल्लीतल्या बायका रडकुंडीला आल्या होत्या. अशात चौकात फ्लेक्स लागला. दुपारपर्यंत नागभूषणमच्या मेडिकलसमोर रांग. पिवळं पाकीट द्या, वेन्नेलाचं द्या. संध्याकाळी नागभूषणम स्वतः माझ्याकडे आला.

“यादन्ना,” म्हणाला, “अजून एक लाव, माझ्या दुकानाच्या बाजूला तोंड करून. मी आणखी खोकी मागवलीत.”

वेन्नेला मागच्या गल्लीने जाते ना, तिला दोन दिवस पत्ताच नव्हता.

शेवटच्या दिवशीची बतुकम्मा मोठी असते. हनुमानाच्या देवळापुढे मैदानात उतरंडी मांडल्या, तंगेडूची पिवळीधमक फुलं, मलीद्याचे लाडू, सगळं यथासांग. बायका नटून आल्या. प्रत्येकीने येण्याआधी गोळी घेतलेली, काहींनी सणाचा दिवस म्हणून दोन. आणि त्या गोळीचा एक गुण पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेला असतो, तो कुणीच वाचला नव्हता. झोप येते. पहिला फेर झाला. दुसऱ्या फेराला निम्म्या बायका बसल्या. तिसऱ्याला गाणं म्हणणारी अंजम्मा एका ओळीवर थांबली ती पुढे गेलीच नाही, उभ्या उभ्या घोरायला लागली. उतरंडींभोवती बायका भिंतीला, एकमेकींच्या खांद्याला टेकून गाढ. रिक्षास्टँडवर रिक्षावाले गाढ. पुजाऱ्याने आरती ओवाळता ओवाळता डोळे मिटले, लोकांना वाटलं समाधी लागली.

मी म्हटलं, विषाणूसुद्धा झोपला असणार.

स्वरूपा मैदानात आलीच नव्हती. दूध उकळून येते म्हणाली होती. वेन्नेला संस्थेतून परत आली तेव्हा घरात गॅसचा वास, दूध उतू जाऊन विझलेली शेगडी, आणि स्वरूपा जमिनीवर पोतं टाकल्यासारखी. हिने खिडक्या उघडल्या, तिला ओढत अंगणात आणलं, तोंडावर पाणी मारलं. स्वरूपाने डोळे उघडले आणि विचारलं, “दूध?”

“वदिना, काय घेतलंस?”

“तुझीच गोळी.”

मग स्वरूपाकडून फ्लेक्सचं कळलं आणि वेन्नेलाला चौकात जावं लागलं. मी मैदानातून येत होतो. ती फ्लेक्सखाली उभी होती, मान वर करून. ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“काढ,” म्हणाली.

“आता?”

“आता. अन्ना, त्या ताटलीत जेवढी गोळी घातली होती, तेवढी माणसाच्या रक्तात उतरवायची तर मूठभर खावी लागेल. मग विषाणू दारात बसेल की नाही माहीत नाही, माणूस मात्र उठणार नाही. वदिना आज दोन गोळ्यांवर गेली असती. माझ्या नावावर.”

मी म्हटलं, “काढता येत नाही. जिवंत माणसाचा फ्लेक्स मुदतीआधी उतरवला तर अपशकुन. या धंद्यातलं कुणालाही विचार. उतरवला की लोक विचारतात, कधी गेली?”

“मग लोकांना सांग.”

सांगितलं मी. दारोदार जाऊन सांगितलं. पण फ्लेक्सवर छापलेलं खरं आणि तोंडाने सांगितलेलं अफवा, असं आमच्याकडे असतं. अंजम्मा म्हणाली, “साठा संपत आला म्हणून असं सांगतोयस, कळतंय. तुझ्या घरच्यांपुरत्या ठेव, पण मला एक पाकीट दे.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वेन्नेलाला बोलावलं. त्या रोज गाडीने आमच्याच चौकातून जातात. रात्री ही जेवताना सांगत होती, पानात डोळे घालून.

“म्हणाल्या, फोटो चांगला आलाय माझा. इतकी मी शेवटची कधी हसले होते?”

“बघ,” मी म्हटलं.

“मग म्हणाल्या, साबण लावून बघितलंस का?”

“गोळीला?”

“काही गोळ्या ढोंगी असतात, अन्ना. पाण्यात गेल्या की एकमेकींना चिकटून त्यांचे बारीक गोळे होतात. विषाणू त्या गोळ्याला चिकटतो, गुळाच्या ढेपेला माश्या चिकटतात तसा. ताटलीत वाटतं की गोळीने त्याचा हात धरला. हातबित काही धरलेला नसतो, नुसता चिकटा. अशी गोळी कशालाही अडवते, आणि खऱ्यात कशालाच नाही.”

“मग साबण कशाला?”

“साबणाचा अगदी पुसटसा थेंब टाकला की तो चिकटा सुटतो, विषाणू मोकळा. पण गोळीने खरंच हात धरला असेल तर साबणाने फरक पडत नाही.”

मी तिथेच पकडली. “साबणाने तर विषाणूच मरतो. हात धुवा, हात धुवा म्हणून तूच ओरडतेस.”

“एवढ्याशा थेंबात त्याचं तोंडसुद्धा धुऊन होत नाही. ते मी आधी तपासलंय.” मग म्हणाली, “साबणात टिकली तर माझी तीन वर्षं टिकली. नाही टिकली तर गेली. आणि सगळ्या रामंतापूरने माझं नाव घेऊन मातीच खाल्ली.”

स्वरूपाने तिच्या पानात डाळ वाढली.

तिने ताटल्या लावल्या. मधे दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे नीलपंख पक्षी दिसला की वर्षभर हातात घेतलेलं काम फत्ते होतं. मी पहाटे उठून मुसी नदीच्या काठापर्यंत गेलो, तारेवर बसलेला दिसला. पंख उघडून दाखवले त्याने मला, निळेजांभळे, तिच्या बोटांसारखे. घरी येऊन सांगितलं, पास. लिहून घ्या.

ताटल्या रंगवायच्या दिवशी मी संस्थेच्या दारापाशी डबा घेऊन उभा राहिलो. आत सोडत नाहीत. सोडायला हवं, पण ते त्यांचं नुकसान. संध्याकाळी ती बाहेर आली. चालण्यावरूनच कळलं. तरी मी विचारलं नाही. बसमध्येही नाही. घरी येऊन ती उंबऱ्यावर बसली, जांभळी बोटं गुडघ्यावर ठेवून, आणि फोनवरचा फोटो मला दाखवला. वरची ओळ जांभळी गच्च. खालची, साबणाची, चाळण.

“गोळी नापास,” म्हणाली.

“पक्षी तर दिसला होता,” मी म्हटलं.

“त्याला साबणाचं कुणी सांगितलं नव्हतं.” हसायला गेली आणि मधेच राहिली. “मॅडम म्हणतात, असं होतंच, पुढची बघ. त्यांना चौकातून गाडीने जायचं असतं. मला राहायचंय इथे.”

आता मी शिकलेलो नाही, पण परीक्षा म्हणजे काय ते मला माहीत आहे. पुष्कळ दिल्यात, त्यातल्या पुष्कळ एकाहून अधिक वेळा.

“नापास कोण?” मी विचारलं. “गोळी की तू?”

“गोळी.”

“परीक्षा घेतली कुणी?”

“मी.”

“साबणाचा पेपर कुणी काढला?”

“मॅडमनी सांगितलं, मी काढला.”

“मग मास्तर कधी नापास झालेला ऐकलायस? आमचे नरसिंहुलू मास्तर अख्खा वर्ग नापास करायचे. उलट गावात मान वाढायचा त्यांचा. म्हणायचे, कडक आहे.”

स्वरूपा आतून म्हणाली, “अहो, दुकान बंद करायची वेळ झाली,” तर मी म्हटलं, “आज नाही.”

सकाळी चौकात नवा फ्लेक्स होता. हाही बारा बाय आठ. मध्ये वेन्नेला, यावेळी हात जोडलेले नाहीत, एका हातात ताटली, आणि बोटं जांभळीच ठेवली. समोर पिवळी गोळी, मान खाली घातलेली. वलय काढून घेतलं. वर लिहिलं: खाजेची गोळी चिकनगुनियात नापास. परीक्षक वेन्नेला, रामंतापूर. साबण लावून तपासले आहे, शंका बाळगू नये. गोळी खाऊन झोपू नये, डॉक्टरकडे जावे. शुभेच्छुक: यादगिरी अन्ना.

नापास झालेल्याचा फ्लेक्स हैदराबादेत याआधी कुणी लावला असेल तर मला दाखवा.

गर्दी जमली. अंजम्माने दोनदा वाचून घेतला, मग कमरेला खोचलेलं पाकीट काढून नागभूषणमच्या काउंटरवर आपटलं आणि म्हणाली, “परीक्षकाने नापास केलंय, परत घे.” तिच्यामागे रांग लागली. नागभूषणम माझ्याकडे बघून म्हणाला, “यादन्ना, तुझी मैत्री फार महागात पडते.” मी म्हटलं, फ्लेक्स दुकानाकडे तोंड करून लाव, असं तूच म्हणाला होतास.

मग मॅडमची गाडी थांबली. काच खाली झाली. त्यांनी वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं, शुभेच्छुकांसकट.

“भाऊ तुम्हीच ना?”

“हो मॅडम. सख्खा.”

“चुकीच्या फ्लेक्सवर माझा फोटो टाकलात,” त्या म्हणाल्या, “आणि बरोबरच्या फ्लेक्सवर मला विसरलात.” काच वर झाली.

वेन्नेला तेवढ्यात आली. चौकातून. नाल्याकडून नाही. फ्लेक्ससमोर थांबली, जांभळ्या बोटांनी त्याचा एक कोपरा उचलून बघितला. खाली जुना होता तसाच, मिशीवाल्या विषाणूसकट.

“जुना काढला नाहीस?”

“सांगितलं ना, जिवंत माणसाचा उतरवत नाहीत. वरून बांधला. आता कुणाला दिसतो?”

तिने दोरी ओढून बघितली, एकदा, दोनदा. हलला नाही.

“घट्ट बसलाय,” म्हणाली.

“साबण लावून बघ,” मी म्हटलं.

तेव्हा ती हसली, पिशवी खांद्याला अडकवली आणि स्वतःच्याच तोंडाखालून सरळ बसस्टॉपकडे गेली.